समुपदेशनाची पदवी: ऑनलाइन घ्यावी की वर्गात बसून?

आधी सोपा भाग उरकून घेऊ. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, मानवी विकास, मानसशास्त्रीय चाचण्या, संशोधन पद्धती, व्यावसायिक नीतिनियम हे सगळं ऑनलाइन व्यवस्थित शिकता येतं. सांख्यिकीसारखा विषय तर काही जणांना ऑनलाइनच जास्त झेपतो, कारण न कळलेलं व्याख्यान थांबवून पुन्हा ऐकता येतं आणि त्यासाठी चारचौघांत हात वर करावा लागत नाही. निव्वळ वाचन, व्याख्यानं आणि परीक्षा एवढंच बघायचं असेल, तर दोन्ही पर्यायांत निवडण्यासारखं फारसं काही नाही.

पण समुपदेशक घडतो तो दुसऱ्या माणसासमोर बसून, आणि निवड करताना तिथे बघायला हवं.

प्लेसमेंट (प्रत्यक्ष कामाच्या सरावासाठी मिळणारी जागा): गाडी इथेच अडते

अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या ‘कॅक्रेप’ या संस्थेचे निकष उदाहरणादाखल घेऊ. पदव्युत्तर अभ्यासक्रमात किमान ६० सेमिस्टर क्रेडिट लागतात. आधी १०० तासांचा प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा पहिला प्रत्यक्ष सराव, त्यातले किमान ४० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबत, म्हणजे समुपदेशनासाठी आलेल्या माणसासोबत. मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले किमान २४० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबत. हे आकडे ऑनलाइन विद्यार्थ्यालाही तेच आणि कॅम्पसवरच्या विद्यार्थ्यालाही तेच. ऑनलाइन आहे म्हणून एक तासही माफ होत नाही.

आता हिशेब करा. आठवड्याला १५ तास दिले तर फक्त इंटर्नशिपला ४० आठवडे लागतात, २० तास दिले तर ३०. आणि हे तास रात्री मुलं झोपल्यावर भरता येत नाहीत. शाळा, दवाखाने, समुपदेशन केंद्रं बहुतेक दिवसा चालतात. क्लायंट आयत्या वेळी आला नाही, तर तो तास प्रत्यक्ष कामात धरला जात नाही. म्हणजे ‘नोकरी सांभाळून करता येईल’ म्हणून ज्यांनी ऑनलाइन निवडलेलं असतं, त्यांची कोंडी नेमकी शेवटच्या वर्षात होते. प्रवेशाच्या जाहिरातीत लवचीकता ठळक अक्षरांत असते. हा भाग माहितीपुस्तिकेच्या आत कुठेतरी सापडतो.

प्लेसमेंट शोधतं कोण, हा दुसरा फरक. चांगल्या कॅम्पसचे आसपासच्या संस्थांशी वर्षानुवर्षांचे संबंध असतात. कुठल्या केंद्रात विद्यार्थ्याला खरंच क्लायंट मिळतात आणि कुठे त्याला फायली लावायला बसवतात, हे तिथल्या प्राध्यापकांना ठाऊक असतं. ऑनलाइन संस्था तुमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर असू शकते. काही संस्था त्यासाठी वेगळा समन्वयक नेमतात, तो तुमच्या भागातल्या केंद्रांशी बोलतो, करार करतो. काही संस्था एक यादी हातात देतात आणि ‘बघा तुमचं तुम्ही’ म्हणतात. माझ्या मते फी, नाव, क्रमवारी या सगळ्याआधी हा प्रश्न विचारायला हवा: प्लेसमेंट मिळाली नाही तर जबाबदारी कोणाची?

कौशल्यं: पडदा आणि खोली

समुपदेशनाच्या वर्गात तिघांचे गट करतात. एक समुपदेशक होतो, एक क्लायंट, तिसरा निरीक्षक. दहा-पंधरा मिनिटांचा रोल प्ले, मग त्याची चिरफाड. व्हिडिओ कॉलवरही हे अगदी असंच करतात, आणि तरी फरक पडतो.

शांततेचंच घ्या. क्लायंट बोलता बोलता थांबतो. नवख्याला त्या काही सेकंदांत घाम फुटतो आणि तो काहीतरी विचारून टाकतो. ती शांतता सोसायला शिकणं हा प्रशिक्षणाचा मोठा भाग आहे. खोलीत दिसतं की समोरच्याचा श्वास बदलला आहे, रुमालाची घडी घातली जाते आहे, म्हणजे आत काहीतरी चाललंय. पडद्यावर मात्र शांतता पडली की पहिली शंका नेटवर्कची येते. ‘आवाज येतोय ना माझा?’ असं विद्यार्थी विचारतो आणि तो क्षण गेलेला असतो. शिवाय चौकटीत चेहरा आणि खांदे दिसतात, हलणारा पाय दिसत नाही. नजर मिळवायची तर कॅमेऱ्याकडे बघावं लागतं, आणि तेव्हा समोरच्याचा चेहरा सुटतो.

एवढं वाचून कौल कॅम्पसच्या बाजूने गेला असं समजू नका. समुपदेशन शिकवण्यात ध्वनिमुद्रण आणि व्हिडिओ आधीपासून आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकात सेशन्स ध्वनिमुद्रित केली आणि १९४२ मध्ये एका क्लायंटच्या सगळ्या भेटींचा शब्दशः मजकूर छापला. १९६० च्या दशकात तिथलेच मानसशास्त्रज्ञ ॲलन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिडिओच्या आधारे एकेक सूक्ष्म कौशल्य वेगळं काढून शिकवायची पद्धत बसवली. स्वतःला ऐकताना कळतं की आपण क्लायंटचं वाक्य तीनदा तोडलंय. ऑनलाइन अभ्यासक्रमात प्रत्येक सराव रेकॉर्ड करणं एका बटणाचं काम आहे. सुपरवायझर, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामावर देखरेख करणारा अनुभवी समुपदेशक, त्यातला एखादा मिनिट पुन्हा पुन्हा दाखवून बोलणार असेल, तर तो विद्यार्थी चाळीस जणांच्या वर्गात मागे बसलेल्यापेक्षा पुढे जाईल. त्यामुळे विचारायचं ते हे: ही रेकॉर्डिंग्ज कोण बघतं, किती दिवसांत, आणि अभिप्राय बोलून मिळतो की दोन ओळींच्या ईमेलवर? वर्गातल्या अभ्यासक्रमालाही हाच प्रश्न लावा. तिथेही उत्तर दर वेळी समाधानकारक नसतं.

पुष्कळ ऑनलाइन अभ्यासक्रम मधूनच काही दिवस सगळ्यांना एकत्र बोलावतात आणि सलग प्रत्यक्ष सराव घेतात. असं निवासी सत्र असेल, तर वरच्या उणिवांपैकी बरीचशी भरून निघते. प्रवासाचा खर्च आणि रजा मात्र आधीच धरून ठेवा.

घरातून शिकण्याची एक अडचण कोणी बोलून दाखवत नाही. रोल प्लेमध्ये लोक स्वतःचे खरे प्रश्न आणतात. दार बंद होणारी खोली नसेल, पलीकडे घरचे टीव्ही बघत असतील, तर तुमच्या सहाध्यायाची गोपनीयता हेडफोन लावूनही अर्धीच राखली जाते. आणि तुम्हीही मोकळेपणाने बोलत नाही, हे वेगळंच.

परवाना आणि मान्यता

इथे चूक महागात पडते, कारण पदवी मिळाल्यावर ती दुरुस्त होत नाही. अमेरिकेत परवाना राज्य देतं आणि प्रत्येक राज्याच्या अटी वेगळ्या. संस्था एका राज्यात, विद्यार्थी दुसऱ्यात, असं ऑनलाइन शिक्षणात सर्रास होतं. तेव्हा जिथे काम करायचं त्या राज्याच्या मंडळाचे नियम स्वतः वाचावे लागतात. ब्रिटनमध्ये उलट तऱ्हा. तिथे ‘काउन्सेलर’ ही उपाधी कायद्याने संरक्षित नाही, पण नोकरी देणारे बीएसीपीसारख्या व्यावसायिक संघटनेचं सभासदत्व मागतात, म्हणून अभ्यासक्रम त्या सभासदत्वापर्यंत नेतो का हे बघायचं.

भारतात तर पर्यायच आकसला आहे. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या २०२१ च्या कायद्याखाली येणारे विषय, आणि त्यात मानसशास्त्र आलं, ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने शिकवू नयेत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये सांगितलं. हे त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून लागू झालं. तेव्हा ‘मान्यताप्राप्त ऑनलाइन एमए’ अशी जाहिरात दिसली, तर मान्यता कोणाची, कोणत्या सत्रासाठी आणि कोणत्या पद्धतीसाठी, हे तिन्ही लेखी मागा. ‘सर्टिफिकेट कोर्स’ ही पदवी नव्हे, हे सांगायला नको. तरी त्यात फसणारे भेटतात.

मग कोणी काय निवडावं?

आत्ताच शाळेत, स्वयंसेवी संस्थेत किंवा दवाखान्यात काम करत असाल आणि तिथेच सुपरव्हिजनखाली तास भरायची सोय होणार असेल, तर जिथे ऑनलाइन पदवी मान्य आहे तिथे ती तुमच्यासाठीच आहे. प्लेसमेंटचा डोंगर तुम्ही आधीच पार केलेला असतो. जवळपास कुठलाही कॅम्पस नसेल किंवा घरी कोणाची देखभाल करायची असेल, तरी ऑनलाइनच घ्या, पण ठरल्या वेळी लाइव्ह तास होणारा अभ्यासक्रम निवडा. फक्त आधी रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांवर चालणारा समुपदेशन अभ्यासक्रम मी कोणालाही सुचवणार नाही.

दुसऱ्या क्षेत्रातून येत असाल, ओळखी शून्य असतील आणि पहिल्यांदाच लोकांच्या दुःखासमोर बसणार असाल, तर शक्य असेल तोवर कॅम्पस गाठा. अवघड सेशननंतर कॉरिडॉरमध्ये भेटणारा सहाध्यायी आणि दार उघडं ठेवून बसणारे प्राध्यापक यांची किंमत तेव्हा कळते. ऑनलाइन गटातही मैत्री होते, पण ती मुद्दाम करावी लागते.

प्रवेश कार्यालयाला फोन करण्याऐवजी शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याचा संपर्क मागा. इंटर्नशिपची जागा कशी मिळाली, आणि सुपरवायझरने त्याच्या सरावाचं रेकॉर्डिंग शेवटचं कधी बघितलं, एवढे दोनच प्रश्न त्याला विचारा. संस्था संपर्क द्यायला टाळाटाळ करू लागली, तर फी भरण्याआधी दुसरा अभ्यासक्रम बघा.