अपलोड दुरुस्त करायला गेले आणि ८४,७९८ रुपये घालवून बसले

आधीच सांगते, मी अडाणी नाही. वीज कापू म्हणणारे, केवायसी बंद पडलंय म्हणणारे, पार्सलमध्ये गांजा सापडला म्हणणारे, सगळ्यांना झापून मी फोन आपटलेला आहे. "हल्ली अशा गोष्टींना कोण फसतं?" असं तुमच्या मनात आलं असेल, तर मीही तेच म्हणायचे. २१ ऑगस्ट २०२५, गुरुवार, सकाळी अकरापर्यंत म्हणत होते.

मी मुलुंडला राहते, गाणं शिकवते. करोनापासून बरेचसे वर्ग ऑनलाइनच. सकाळी सहाला न्यू जर्सीतल्या पाच मुलांचा वर्ग असतो, तिकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ. गणपती २७ तारखेला होते आणि तिकडच्या कार्यक्रमासाठी मी दोन अभंग बसवत होते. १८ आणि १९ ला मुंबईत काय पाऊस कोसळला ते आठवत असेल. २० तारखेपासून माझा आवाज तिकडे तुटायला लागला. एका मुलीच्या आईने कळवलं, "ताई, तुमचा सा येतो आणि मग एकदम प येतो. मधले रे ग म वाटेत कुठेतरी पडतात."

मुलाने शिकवलेली स्पीड टेस्ट केली. डाउनलोड ९२ एमबीपीएस, अपलोड ०.४. आमचा प्लॅन १०० चा, केबलच्या काळ्या वायरवरून येणारा, त्यात अपलोड दहापर्यंत मिळायचा. म्हणजे सिनेमा लावा, झकास दिसतो. आपण बोलायला गेलो की तोंडावर हात.

कंपनीच्या ॲपवर तक्रार टाकली. तिथल्या यंत्राने सांगितलं, "आपला डाउनलोड स्पीड योग्य आहे", आणि तक्रार स्वतःच बंद करून टाकली. बिलावरच्या नंबरवर बावीस मिनिटं सनई ऐकली आणि फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर्ग होता. म्हणून मी नेटवर कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर शोधलं. अगदी वर एक नंबर आला, शेजारी कंपनीचं चिन्ह, खाली चार तारे. लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

दुसऱ्या रिंगला! खऱ्या कंपनीचा फोन दुसऱ्या रिंगला कधी उचलला गेलाय का, तुम्हीच सांगा.

"नमस्कार" मराठीत, पुढे हिंदी, अतिशय अदबीने. त्याने कंपनी कोणती ते विचारलं आणि मीच सांगितलं. खात्यावर नाव कोणाचं, तेही मीच सांगितलं. पुढची दहा मिनिटं तो तेच नाव घेऊन मला हाका मारत होता आणि मला वाटत होतं, याच्यासमोर माझी सगळी माहिती उघडी आहे. "मॅम, आपके मॅक आयडी पे अपलोड ब्लॉक है, टेन्शन मत लीजिए, अभी खोल देते हैं." तक्रार नोंदवायला दहा रुपये लागतील म्हणाला, लिंक पाठवली. त्यावर कंपनीचा रंग, कंपनीचं चिन्ह. डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे भरले. दहा रुपयांसाठी कोण संशय घेतं? ते दहा रुपये, बरं का, कधी कापलेच गेले नाहीत. त्यांना नकोच होते.

मग म्हणाला, एक छोटं ॲप घ्या, मोडेमची लाइन आम्हाला इथून दिसेल. घेतलं. त्यात दिसणारे नऊ आकडे त्याला वाचून दाखवले, आणि माझ्या फोनची स्क्रीन त्याला तिकडे दिसायला लागली.

आता ती जागा, जिथे मला कळायला हवं होतं. रात्री झोप उडाली की मी अजून तिथेच जाऊन उभी राहते.

तो म्हणाला, "मॅम, वायफाय बंद करके मोबाइल डेटा पे आ जाइए." मी विचारलं, का? म्हणाला, मोडेम रीसेट करायचा आहे, वायफाय जाईल, आपला संपर्क तुटेल. आता यात खोटं काय वाटावं? रीसेट केला की वायफाय जातंच. पण अगं बाई, तक्रार मोडेमची होती ना? मग तुझ्या फोनची स्क्रीन त्याला कशाला हवी? लाइन बघायचा तर मोडेम बघेल, ते यंत्र त्यांच्याकडूनच तर चालतं. माझ्या त्या ०.४ च्या अपलोडवरून माझी स्क्रीन त्याच्यापर्यंत धड पोहोचतच नव्हती, अडकत होती. म्हणून त्याने मला मोबाइल डेटावर आणलं. वायफायवर राहिले असते तर ज्या बिघाडाला मी शिव्या देत होते त्यानेच मला वाचवलं असतं.

पुढचं तर आणखी लाजिरवाणं. "फोन टेबल पे रखिए, स्पीकर ऑन, स्क्रीन बंद मत होने दीजिए." आमचा मोडेम माळ्याच्या कडेला. मी स्टुलावर चढले. ब्लाउजची सेफ्टी पिन काढली, मागच्या बारीक भोकात घातली आणि तो सांगेल तसे तीस आकडे मोजले. मग त्याने मला दिवे वाचायला लावले. पॉवर चालू. डीएस चालू. यूएस लुकलुकतोय. (डीएस म्हणजे डाउनस्ट्रीम, डाउनलोडची बाजू, आणि यूएस म्हणजे अपस्ट्रीम, अपलोडची बाजू, हे मला नंतर कळलं. माझे विद्यार्थी अमेरिकेत, त्यामुळे मी त्याचा भलताच अर्थ लावून बसले होते.) खाली टेबलावर फोन टिंग वाजला. मी मान वळवली, तर तो लगेच, "मॅम, दिव्यावरून नजर हटवू नका, कितीदा लुकलुकतो ते मोजा." हे मात्र मराठीत. मी मोजले. एकेचाळीस. स्टुलावर उभं राहून, हातात सेफ्टी पिन घेऊन, बावन्न वर्षांची बाई दिवे मोजत होती आणि खाली तिच्या फोनवर ओटीपी येऊन पडत होते. ते तो तिकडे बसून वाचत होता.

११.५२ ला ४९,९९९ रुपये. ११.५४ ला २४,९९९ रुपये. नव्या पेटीसाठी साठवलेले होते.

खाली उतरले, मेसेज पाहिले, फोन कापला. हातपाय थंड. मेसेजमध्ये रक्कम स्पष्ट लिहिलेली असते हो. पण वाचायला माणूस खाली हवा ना.

इथे दुसरी चूक. कॉल कापला म्हणजे तो गेला, असं मी धरून चालले. ते ॲप चालूच होतं, वर कोपऱ्यात बारीकसं चिन्ह दिसत होतं. असं झालं तर आधी फोन विमान मोडवर टाका, ते ॲप उडवा आणि बँकेला दुसऱ्याच्या फोनवरून फोन करा. मी त्याच फोनवरून केला. १२.१९ ला बँकेच्या माणसाने तक्रार घेतली, तक्रार क्रमांकाचा मेसेजही आला आणि "कार्ड ब्लॉक व्हायला थोडा वेळ लागेल" म्हणाला. १२.३१ ला आणखी ९,८०० रुपये गेले. एकूण ८४,७९८.

या वेळा मी उगाच लिहीत नाहीये, पुढची सगळी भांडणं त्यांच्यावरच झाली.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, मात्र नवऱ्याच्या फोनवरून लावला, तिथे तक्रार नोंदली गेली आणि क्रमांक मिळाला. हा नंबर पाठ करा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी कुठेतरी अडवता येतात. माझ्या ४९,९९९ पैकी १७,२४० असे अडकले. अडकले म्हणजे मिळाले नव्हेत, ते येतंच पुढे.

बँकेच्या शाखेत गेले. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "ओटीपी दिलात?" दिला नाही हो, त्याने बघितला. "म्हणजे गेलाच ना." अर्ज द्या. अर्ज दिला. पोलिसांचा कागद आणा. पोलीस स्टेशनला गेले तर तिथे म्हणाले, बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट आणा. बँकेत शिक्का मारणाऱ्या मॅडम रजेवर. सोमवारी शिक्का मिळाला, तर पोलिसांनी सांगितलं हे सायबरवाल्यांचं काम, तिकडे जा. तिकडे गेले, दोन तास बाकावर बसले, आणि उत्तर काय? एवढ्या रकमेचं तुमच्या हद्दीतच घेतात. हद्द म्हणजे काय, तर माझा माळा? एक हवालदार मायेने म्हणाला, "मॅडम, चांगल्या शिकलेल्या दिसता की." हे वाक्य मला त्या चौऱ्याऐंशी हजारांपेक्षा जास्त लागलं. आणि माझी खात्री आहे, तिथे येणाऱ्या प्रत्येक बाईला ते ऐकवतात. पुरुषांना बहुतेक "बिझनेस करता ना?" म्हणत असतील.

शेवटी माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील वकील निघाले. त्यांनी सांगितलं, गुन्हा कुठेही घडला असला तरी तक्रार घ्यावीच लागते, नव्या कायद्यात तसं कलमच आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७३. ते कलम कागदावर लिहून नेलं. सहाव्या फेरीला नोंद झाली, फसवणूक आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ ड. सहावी फेरी! ते पैसे एव्हाना किती खात्यांतून फिरून आले असतील, देव जाणे.

बँकेचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. "ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे व्यवहार झाल्याने बँक जबाबदार नाही." तिन्ही व्यवहारांना मिळून एकच वाक्य. इथे मी पेटले. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं, मी ते अख्खं वाचलंय. ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतरचं बँकेचं. मी १२.१९ ला कळवलं. ९,८०० गेले १२.३१ ला. बारा मिनिटांचा हिशेब आहे, गणित पाचवीचं आहे. शाखेतल्या साहेबांना ते परिपत्रकच माहीत नव्हतं, किंवा माहीत असून दाखवायचं नव्हतं. तीस दिवस थांबले आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली, त्याला एक पैसा लागत नाही. डिसेंबरात ९,८०० रुपये खात्यात जमा झाले. बँकेने पत्रात दिलगिरीचा शब्दही लिहिलेला नाही, "सद्भावनेने" परत करतो आहोत असं लिहिलंय. सद्भावना! तो १२.१९ चा मेसेज मी पुसला असता तर ही सद्भावना कुठून आली असती? असले मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे ठेवा.

अडकलेले १७,२४० सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता. अर्ज केलाय, तारखा पडताहेत.

आता मूळ दुखणं. सेफ्टी पिनने रीसेट केल्यामुळे वायफायचा पासवर्डसुद्धा पुसला गेला, त्यामुळे त्या रात्री घरात नेटच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीचा केबलवाला मुलगा आला. त्याने लॅपटॉपला वायर जोडून १९२.१६८.१००.१ हे मोडेमचं आतलं पान उघडलं आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. अपस्ट्रीम पॉवर ५४. म्हणाला, हा साधारण पस्तीस ते एकोणपन्नास असावा. मोडेमला वरपर्यंत आवाज पोहोचवायला ओरडावं लागतंय. गाण्याच्या मास्तरणीला याहून चांगलं कोण समजावणार?

डाउनलोड आणि अपलोड एकाच वायरीतून जातात, पण वेगवेगळ्या पट्ट्यांत. अपलोडची पट्टी खालची, आणि कुठे जोड सैल झाला, पाणी शिरलं की बाहेरचा गोंगाट आधी तिथेच घुसतो. म्हणून सिनेमा छान आणि बोलणं मुकं. तो गच्चीवर गेला. जुन्या टीव्हीच्या काळातला एकात तीन करणारा स्प्लिटर तिथे तसाच लटकत होता, पावसाने हिरवा पडलेला. तीनपैकी दोन तोंडं कित्येक वर्षं रिकामी, आणि असा स्प्लिटर एकटाच सिग्नलचे सात-एक डेसिबल खातो. त्याने तो काढला, टोकं कापून नवे कनेक्टर दाबून बसवले. आकडा ४६ वर आला. अपलोड ९.६.

दीडशे रुपये घेतले. चहाही प्यायला नाही.

तुमचं अपलोड मेलं असेल तर आधी पावसाचा विचार करा, गच्चीवर जा, जोड हाताने घट्ट करून बघा, नको ते स्प्लिटर काढा, तो पॉवरचा आकडा बघा. नंबर हवा असेल तर बिलावरचा, दुसरा कुठलाही नाही, मग भले तासभर सनई ऐकावी लागो. मोडेमसाठी कोणी तुमच्या फोनची स्क्रीन मागितली तर फोन ठेवा. कार्डाची ऑनलाइन मर्यादा पाच हजारांवर आणून ठेवा, बँकेच्या ॲपमध्ये ती सोय असते, माझी एक लाखावर होती आणि मला ठाऊकच नव्हतं. घरात हे लगेच सांगा, मी नवऱ्याला रात्रीपर्यंत फक्त ४९,९९९ सांगितले होते आणि त्याचं वेगळं महाभारत झालं. संशयास्पद नंबर 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावरच्या 'चक्षू' या सोयीवर कळवता येतो, तिथे मीही कळवला.

तरी तो नंबर नेटवर अजून वरच आहे. आता चारचे साडेचार तारे झालेत. गेल्या आठवड्यात नवऱ्याच्या फोनवरून लावून पाहिला. दुसऱ्या रिंगला उचलला. तोच आवाज, तसाच अदबीचा.

"नमस्कार. मॅम, प्रॉब्लेम डाउनलोड का है या अपलोड का?"