डॅशकॅम: फक्त पुढचा की पुढे-मागे दोन्ही?

लातूरचा भाचा विचारतोय, गाडीतून रस्ता टिपणारा कॅमेरा (डॅशकॅम) एकच घेऊ की जोडी?

खर्च जोडीचा जास्त, हे उघडच. खरी कटकट वायरिंगची. मागची वायर छताच्या अस्तरातून नेऊन डिकीच्या बिजागरीपाशी वळवावी लागते; डिकीची उघडझाप होऊन ती तिथेच तुटू शकते. मेमरी कार्डही लवकर भरतं. शिवाय धूळ! मागच्या काचेला वायपर नसेल तर उन्हाळ्यात मागचा कॅमेरा नुसती माती टिपतो.

वायर सोडली तर टिकायला दोन्ही सारखेच, फक्त बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरवाला (वीज साठवणारा, पण उष्णता जास्त सोसणारा भाग) बघ. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत लिथियम बॅटरी फुगते.

गावातल्या गावात, फार तर उसाच्या बिनलाइटच्या ट्रॉल्यांमागून जाणं असेल तर पुढचा एकच पुरे. सोलापूर-धुळे हायवेवर रोज मागून ट्रक चिकटत असतील, तर मात्र जोडीच घे.