ट्रेविन स्टुडिओ, सेंट आइव्ह्ज : हेपवर्थ यांच्या बागेत वेळ घालवा, घरात कमी

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्ज गावात बार्नून हिलच्या चढावर एका उंच भिंतीआड शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांचं घर, कार्यशाळा आणि बाग आहे. 1949 मध्ये त्यांनी ही जागा लिलावात घेतली. 1975 मध्ये याच घरात लागलेल्या आगीत, वयाच्या 72 व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मृत्युपत्रातल्या इच्छेला धरून पुढच्याच वर्षी इथे संग्रहालय सुरू झालं आणि 1980 पासून ते टेट या ब्रिटिश कलासंग्रहालय संस्थेकडे आहे. जागा लहान आहे. नुसती चक्कर मारली तर पाऊण तासात संपते. दोन तास हाताशी ठेवून जावं, कारण इथलं खरं मोल शिल्पांभोवती फिरण्यात आहे.

आत शिरल्यावर तळमजल्यावर त्यांच्या आयुष्याची कागदपत्रं आणि छायाचित्रं लागतात. हा भाग आटोपशीर आहे, जरा जास्तच. ज्यांना हेपवर्थ नव्याने भेटतायत त्यांच्या हाती तिथून सनावळी लागते, पण कोणत्या निर्णयामुळे काम बदललं हे उमगत नाही. म्हणून काही गोष्टी आधीच माहीत करून जाव्यात. जन्म 1903, यॉर्कशरमधलं वेकफील्ड. लीड्सच्या कला विद्यालयात आणि नंतर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये पुढे नावाजलेले शिल्पकार हेन्री मूर त्यांच्याबरोबर शिकत होते. 1924 मध्ये रोमच्या मानाच्या शिष्यवृत्तीत त्या थोडक्यात मागे राहिल्या. ती शिल्पकार जॉन स्कीपिंग यांना मिळाली. पुढे स्कीपिंग यांच्याशीच त्यांचं लग्न झालं. दुसऱ्या एका शिष्यवृत्तीवर त्याही इटलीला गेल्या, आणि तिथे त्यांनी संगमरवर कोरायचं प्रत्यक्ष शिक्षण घेतलं. हा मुद्दा मोठा आहे. त्या काळात बहुतेक शिल्पकार मातीत नमुना करत आणि दगडात उतरवायचं काम कारागिरांवर सोपवत. हेपवर्थ यांनी छिन्नी स्वतःच्या हातात घेतली आणि दगड सांगेल तसा आकार शोधला. पुढचं सगळं या सवयीतून आलं.

1932 मध्ये त्यांनी गुलाबी अलाबास्टरच्या (एक मऊसर दगड) शिल्पात आरपार भोक पाडलं. ते शिल्प महायुद्धात नष्ट झालं, पण त्यांची ओळख तिथून पक्की झाली. 1934 मध्ये नंतरचे जोडीदार, चित्रकार बेन निकल्सन यांच्यापासून तिळी मुलं झाली. 1939 मध्ये युद्ध सुरू होण्याच्या तोंडावर हे कुटुंब सेंट आइव्ह्जला आलं. सुरुवातीच्या वर्षांत ना साहित्य होतं ना जागा. घर आणि मुलं सांभाळून रात्री रेखाटनं आणि प्लास्टरची छोटी शिल्पं एवढंच होत होतं. ट्रेविन मिळाल्यावर उघड्यावर, मोठ्या आकारात काम करणं शक्य झालं. एखाद्या बाईच्या कारकिर्दीत स्वतःच्या मालकीच्या अंगणाने किती फरक पडतो, हे या जागेइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचित दिसतं.

वरच्या मजल्यावरच्या उजेडाच्या खोलीत लाकूड आणि दगडातली कामं आहेत. मांडणी बदलत असते, त्यामुळे एखादं विशिष्ट शिल्प मनात धरून जाऊ नका. लाकडी शिल्पांत आतली पोकळी नीट पाहा. जाड ओंडका वाळताना बाहेरचा थर आधी आकसतो, गाभा ओला राहतो, आणि त्या ताणाने लाकूड तडकतं. आतून पोखरलेला ओंडका दोन्ही बाजूंनी वाळतो, म्हणून हा ताण बराच कमी होतो. 1954 मध्ये हेपवर्थ यांनी नायजेरियातून ग्वारिया लाकडाचे 17 टन ओंडके मागवले. त्यांतून आलेली प्रचंड पोखरलेली शिल्पं पाहताना पोकळी ही निव्वळ सौंदर्यदृष्टी वाटते. ती लाकडाच्या स्वभावालाही धरून आहे.

दगडातल्या भोकांकडेही याच नजरेने बघावं. भोक दोन्ही बाजूंनी कोरत मध्ये भेटवायचं असतं. एकाच बाजूने घाव घालत गेलं तर छिन्नी पलीकडे निघताना मागच्या कडेची कपची उडते. आधी टोकदार छिन्नी, मग दातेरी, मग सपाट, शेवटी कानस आणि घासकाम असा क्रम असतो. आतल्या वळणावर हातोडीला फिरायला जागा उरत नाही, म्हणून तिथला गुळगुळीतपणा जवळजवळ सगळा घासून आणलेला असतो. त्यात बाहेरच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.

मग बागेत या. संगीतकार प्रिओ रेनियर यांच्या सल्ल्याने हेपवर्थ यांनी ही बाग आखली आणि स्वतःची शिल्पं तिच्यात मांडली. एक जागा ठरवून एकच फोटो काढणाऱ्याचं इथे नुकसान होतं. 'स्फिअर विथ इनर फॉर्म' (1963) भोवती पूर्ण फेरी मारा, मग गुडघ्यात वाकून पुन्हा मारा. भोकातून दिसणारं झाड आणि आतला आकार दर पावलाला जागा बदलतात. 'फोर-स्क्वेअर (वॉक थ्रू)' (1966) चार मीटरहून उंच आहे आणि नावातच सांगितल्याप्रमाणे माणसाने त्यातून जावं म्हणून केलेलं आहे; लांबून ते अवजड वाटतं, जवळ गेल्यावर खिडक्यांसारखं उघडतं. 'कॉन्व्हर्सेशन विथ मॅजिक स्टोन्स' (1973) मधले सहा ब्राँझ आकार, तीन उभे आणि तीन 'दगड', एका नजरेत धरायचा प्रयत्न करू नका. त्यांच्यामधून चालावं. हात लावण्याआधी मात्र तिथल्या सूचना वाचा.

ब्राँझचे पृष्ठभाग अगदी जवळून पाहण्यासारखे आहेत. 1956 च्या सुमारास हेपवर्थ ब्राँझकडे वळल्या, पण मातीत आकार घडवण्याची नेहमीची वाट त्यांनी बहुतांशी टाळली. ॲल्युमिनियमच्या जाळीच्या सांगाड्यावर ओलं प्लास्टर चढवायचं, ते कडक झालं की दगडासारखं तासायचं, आणि मग ओतकामाला पाठवायचं. म्हणून त्यांच्या ब्राँझवर बोटांचे ठसे सापडत नाहीत, अवजारांचे ओरखडे सापडतात. आतल्या बाजूची हिरवी-निळी छटा बऱ्याचदा रसायनांनी मुद्दाम आणलेली असते. तिला झीज समजू नये. खरा धोका वेगळा आहे. समुद्राकाठच्या हवेतलं मीठ धातूवर बसतं आणि ओल मिळाली की भुकटी धरणारा फिकट हिरवा गंज सुरू होतो. त्यावर उपाय म्हणजे गोड्या पाण्याने धुणं आणि मेणाचा थर.

ब्राँझमुळे एकाच शिल्पाच्या अनेक प्रती निघतात, हेही लक्षात असू द्या. इथल्या 'टू फॉर्म्स (डिव्हायडेड सर्कल)' (1969) ची एक प्रत लंडनच्या डलिच पार्कमध्ये होती. 2011 मध्ये ती चोरीला गेली.

दगडकामाची आणि प्लास्टरची कार्यशाळा अर्धवट ठोकळे, अवजारं आणि कामाच्या कपड्यांसह राखलेली आहे. ती बाहेरून पाहायची असते. काचेवर उजेड पडला की आतलं नीट दिसत नाही, म्हणून काचेला हाताचा आडोसा करून पाहावं. इथे माझी एक तक्रार आहे. डेनिस मिचेल यांच्यासारखे सहाय्यक वर्षानुवर्षं राबले, त्यांच्या वाट्याचं काम कोणतं हे अवजारांशेजारीच सांगायला हवं. त्याने हेपवर्थ यांचं मोठेपण कमी होत नाही. इतकं प्रचंड काम कसं चालतं ते कळतं. न्यू यॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोर 1964 मध्ये बसवलेलं 'सिंगल फॉर्म' सुमारे 6.4 मीटर उंच आहे. असली कामं या अंगणात मावली नसती. त्यांच्यासाठी समोरची जुनी नृत्यशाळा घ्यावी लागली.

जिने आणि बागेतला चढ-उतार यांमुळे चाकाच्या खुर्चीवरच्या व्यक्तीला बराच भाग बघता येत नाही. आधी चौकशी करूनच जावं. बागेतल्या वाटा ओल्या असताना निसरड्या होतात, पकड असलेली पादत्राणं घाला. जवळच्या टेट सेंट आइव्ह्जसह एकत्र तिकीट मिळतं का ते विचारा. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाहून रेल्वेने सेंट अर्थपर्यंत साधारण पाच तास, तिथे गाडी बदलून छोट्या फाट्याने सेंट आइव्ह्ज. या गाडीत उजव्या बाजूला बसलं तर खाडी आणि समुद्र दिसतो. मोटार घेऊन गावात शिरू नका, गल्ल्या अरुंद आहेत.

वेळ उरला तर गावच्या चर्चमध्ये 1954 चं 'मॅडोना अँड चाइल्ड' पाहा. स्कीपिंग यांच्यापासून झालेला हेपवर्थ यांचा थोरला मुलगा पॉल 1953 मध्ये वायुदलाच्या विमान अपघातात गेला, त्याच्या स्मरणार्थ ते केलेलं आहे. अमूर्तात एवढा काळ काम केलेल्या शिल्पकाराने इथे आई आणि मूल ओळखू येईल असं कोरलं आहे.