म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरसाठी काय बरं: पोहणं की चालणं?

खुब्याचा सांधा दुखू लागला की लॅब्रॅडॉर मागचं वजन पुढच्या पायांवर ढकलतो. मान खाली जाते, पाठ वाकते, मागची पावलं एकमेकांच्या जवळ पडतात.

पोहताना पाणी वजन पेलतं, त्यामुळे सांध्यावर फारसा भार न येता मांड्यांचे स्नायू बळकट होतात. फक्त काठावरून उडी मारू देऊ नका आणि नंतर कान नीट पुसा. लोंबत्या कानांत ओल राहिली की संसर्ग लवकर होतो.

चालणं मात्र सावकाशच हवं. वेगात तो दुखरा पाय उचलून वेळ मारून नेतो. संथ चालीत चारही पाय टेकावेच लागतात. मातीच्या रस्त्यावर, थोडा थोडा वेळ, दिवसातून दोनतीनदा. चेंडूमागे पळवणं बंद! माझा कौल चालण्यालाच. डॉक्टर हो म्हणाले तर पोहणं जोडीला ठेवा.