सिनेमाचा आवाज आला, गाण्यांचा आला नाही : मल्टिचॅनल प्लेअर शोधतानाचे दहा महिने

दहा महिन्यांत तीन प्लेअर वापरून झाले आणि तिसरा घरात राहिला. तो कोणता हे सांगण्याआधी माझी गरज सांगते, कारण तुमची गरज वेगळी असेल तर माझं मत तुमच्या फारसं उपयोगाचं नाही. घरात ५.१ ची मांडणी आहे. समोर दोन स्पीकर, मध्ये एक, मागे दोन आणि एक सबवूफर, सगळे एव्ही रिसीव्हरला, म्हणजे आवाज सोडवून स्पीकरना देणाऱ्या यंत्राला, जोडलेले. हार्डडिस्कवर दोन प्रकारच्या फाइल्स आहेत : माझ्याकडच्या ब्लू-रे डिस्कवरून घेतलेले सिनेमे, एमकेव्ही या प्रकारच्या फाइलमध्ये; आणि सहा चॅनेलचं संगीत, बहुतेक फ्लॅक (काही न गाळता आवळलेला आवाज) आणि थोडं डीएसएफ (डीएसडी या निराळ्या पद्धतीच्या आवाजाच्या फाइल्स). दोन्ही प्रकार सहाही स्पीकरमधून, वाटेत काही न गाळता वाजवेल असा एकच प्लेअर मला हवा होता.

प्लेअरची जाहिरात वाचा किंवा परीक्षणं वाचा, सगळी सिनेमाभोवती फिरतात. 'डॉल्बी ट्रू-एचडी चालतं, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ चालतं' (ब्लू-रेवरच्या आवाजाचे, काही न गाळणारे दोन प्रकार) एवढं वाचलं आणि मी धरून चालले की मल्टिचॅनल म्हणजे सगळंच चालणार. तसं नसतं. सिनेमाचा मल्टिचॅनल आवाज आणि गाण्याच्या फाइलमधला मल्टिचॅनल आवाज प्लेअरमधून दोन निराळ्या वाटांनी बाहेर पडतात. एक वाट उघडी असली म्हणून दुसरी उघडी असेलच असं नाही. हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझे चार-पाच महिने वाचले असते, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

पहिला प्लेअर म्हणजे टीव्हीच. हार्डडिस्क टीव्हीच्या यूएसबीला लावली आणि टीव्हीचा आवाज एआरसीने, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच आवाज उलटा रिसीव्हरकडे नेण्याच्या सोयीने, रिसीव्हरला दिला. इथे फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. साधी एआरसी जवळपास जुन्या ऑप्टिकल केबलइतकंच वाहून नेते : दोन चॅनेलचा पीसीएम (न आवळलेला, सुटा डिजिटल आवाज), नाहीतर आवळलेला ५.१. त्यामुळे सिनेमाचा आवाज फार तर साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये यायचा, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ६४० किलोबिट. माझ्या टीव्हीला डीटीएस कळतच नव्हतं, त्या सिनेमांना चित्र दिसायचं आणि आवाज शून्य. ट्रू-एचडीची गंमत आणखी वेगळी. डीटीएस-एचडीच्या पोटात साध्या डीटीएसचा गाभा असतो, जुनं यंत्र निदान तेवढा तरी वाजवू शकतं. ट्रू-एचडीला असा गाभा नाही. ब्लू-रेवर त्याच्या जोडीला साधा डॉल्बी ट्रॅक दिलेला असतो, पण एमकेव्ही बनवताना जागा वाचवायची म्हणून मी तो काढून टाकला होता. तुम्ही बनवत असाल तर राहू द्या, जागा नगण्य लागते.

एआरसीची सुधारित आवृत्ती ईएआरसी आली २०१७ साली, एचडीएमआय २.१ सोबत, आणि तिच्यातून २४ बिट १९२ किलोहर्ट्झचे आठ चॅनेल जाऊ शकतात. पण रस्ता रुंद झाला तरी टीव्हीमधल्या प्लेअरने सहा चॅनेल त्यावर सोडायला हवेत ना. शक्य असेल तर प्लेअर थेट रिसीव्हरला जोडा आणि रिसीव्हरमधून चित्र टीव्हीला द्या. आवाजाच्या वाटेत टीव्ही नकोच.

दुसरा प्लेअर अँड्रॉइडवर चालणारा छोटा बॉक्स. कंपनीचं नाव घेत नाही. सिनेमांच्या बाबतीत तो उत्तम निघाला. पासथ्रू चालू केलं, सिनेमा लावला आणि रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर पहिल्यांदाच ट्रू-एचडी ही अक्षरं उमटली. पासथ्रूमध्ये प्लेअर आवाजाचं आवळलेलं गाठोडं स्वतः सोडत नाही, जसंच्या तसं एचडीएमआयवरून रिसीव्हरच्या हाती देतो आणि रिसीव्हर ते सोडतो. एचडीएमआय १.३ पासून, म्हणजे २००६ पासून, ट्रू-एचडी आणि डीटीएस-एचडीची गाठोडी अशी पाठवता येतात. पावसाच्या एका प्रसंगात पाणी माझ्या पाठीमागच्या छपरावर पडतंय असं ऐकू आलं आणि मी सिनेमा थांबवून तो प्रसंग तीनदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी सहा चॅनेलची फ्लॅक फाइल लावली. रिसीव्हरच्या पट्टीवर पीसीएम, आणि चित्रात फक्त दोन स्पीकर उजळलेले. मागचे गप्प, मधला गप्प. मला वाटलं केबल खराब. केबल बदलली. वाटलं फाइल खराब. संगणकावर तपासली, सहा चॅनेल व्यवस्थित होते. तीन निरनिराळी ॲप्स टाकून पाहिली, प्रत्येकात दोनच चॅनेल.

कारण समजायला पंधरा दिवस लागले. रिसीव्हरला एचडीएमआयवरून फ्लॅकचं गाठोडं देता येत नाही. ते प्लेअरलाच सोडावं लागतं आणि सुटा पीसीएम, सहाच्या सहा चॅनेल मोजून, पाठवावा लागतो. एचडीएमआयची यात काही चूक नाही. आठ चॅनेलच्या पीसीएमची सोय तिच्यात २००२ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. अडचण बॉक्सच्या आतल्या यंत्रणेत होती. सगळ्या ॲप्सचा आवाज ती आधी एका जागी मिसळायची, ४८ किलोहर्ट्झला आणायची, दोन चॅनेलमध्ये दुमडायची आणि मग बाहेर सोडायची. ९६ किलोहर्ट्झची फाइल असो की ४४.१ ची, बाहेर येणार ४८. पासथ्रूचं गाठोडं या मिसळणीला वळसा घालून जायचं, म्हणून सिनेमे बचावले होते. कंपनीला तीनदा लिहिलं. उत्तर आलं, 'ऑडिओ सेटिंग ऑटोवर ठेवा'. ते पहिल्या दिवसापासून ऑटोवरच होतं.

तोडगा म्हणून एक गोष्ट केली. त्या बॉक्सवर कोडी हे सिनेमे-गाणी वाजवणारं ॲप टाकलं आणि त्यातली, वाजवता वाजवता डॉल्बी डिजिटलमध्ये बदलण्याची सोय वापरली. सहाही स्पीकर वाजले. पण हिशेब करून बघा : २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सहा चॅनेल म्हणजे सेकंदाला १३.८ मेगाबिट. तो आवाज ६४० किलोबिटमध्ये कोंबायचा. झांजांची शेपटी, म्हणजे घाव पडल्यानंतर नाद विरत जातो तो भाग, तिथे मला फरक ऐकू यायचा. सगळ्यांना येईल असा माझा दावा नाही. पण ज्या आवाजासाठी एवढी मोठी फाइल जपून ठेवली तोच टाकून द्यायचा, हे मनाला पटेना.

तिसरा प्लेअर म्हणजे पंखा नसलेला छोटा संगणक, त्यावर लिब्रेएलेक आणि त्यात कोडी. कोडी अनेकांना माहीत असेल, २०१४ पर्यंत त्याचं नाव एक्सबीएमसी होतं. लिब्रेएलेक म्हणजे फक्त कोडी चालवण्यापुरतं लिनक्स. गेले पाच महिने हाच वापरते आहे. पंखा नसणं हे माझ्यासाठी शोभेचं नाही. संगीत अगदी हळू होतं तेव्हा पंख्याची घरघर आधी ऐकू येते.

चार सेटिंग बरोबर बसल्याशिवाय मात्र इथेही काम होत नाही. चॅनेलची संख्या ५.१ वर ठेवायची, आणि हीच जागा हमखास चुकते, कारण ती मुळात २.० असते आणि सिनेमे पासथ्रूने नीट वाजत असल्यामुळे तिकडे लक्षच जात नाही. दुसरं, आउटपुट 'बेस्ट मॅच' ठेवायचं म्हणजे फाइल ९६ ची असेल तर ९६ च बाहेर पडते. तिसरं, चित्राच्या गतीला आवाज जुळवून घेण्याची सोय बंद ठेवायची. ती चालू असेल तर पासथ्रू होत नाही. चौथं सेटिंग शोधायला मला महिना लागला : ऑडिओ डिव्हाइस जागं ठेवण्याचं. आवाज थांबला की एचडीएमआयवरचा प्रवाह तुटतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर रिसीव्हरला तो ओळखायला क्षणभर लागतो. तेवढ्यात गाण्याची पहिली मात्रा गेलेली असते. प्रत्येक गाण्याचा उठाव कापलेला ऐकून मी फाइल्सनाच दोष देत होते.

एक प्रसंग सांगायलाच हवा. याच संगणकावर, कोडी ठेवण्याआधी, साधं लिनक्स आणि संगीताचा एक वेगळा प्रोग्रॅम लावून पाहिला होता. सहाही स्पीकर वाजत होते, मी खूश. पण गायिकेचा आवाज मागच्या डाव्या स्पीकरमधून येत होता. दोन दिवस मला वाटलं, ध्वनिमुद्रणच तसं असेल, मल्टिचॅनल संगीतात असे प्रयोग होतात. मग कळलं की हा क्रमाचा घोळ आहे. फ्लॅकमध्ये सहा चॅनेलचा क्रम असा : समोरचा डावा, समोरचा उजवा, मधला, सबवूफर, मागचा डावा, मागचा उजवा. लिनक्सच्या ध्वनियंत्रणेचा नेहमीचा क्रम मात्र समोरचे दोन, मग मागचे दोन, मग मधला आणि सबवूफर. वाटेतल्या प्रोग्रॅमने भाषांतर केलं नाही तर मधल्या स्पीकरचा आवाज मागे डावीकडे जातो आणि मागचा उजवा आवाज सबवूफरला. म्हणून सहा स्पीकर वाजले एवढ्यावर समाधान मानू नका. प्रत्येक चॅनेलवर त्याचं नाव उच्चारणारी चाचणी फाइल मिळते, नाहीतर स्वतःच्या आवाजात करता येते. ती फ्लॅकमध्ये एकदा आणि डॉल्बीत एकदा, दोन्ही वाटांनी वाजवून बघा.

डीएसएफबद्दल थोडक्यात. त्यात डीएसडी असतो आणि डीएसडी म्हणजे १ बिट, सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० नमुने. कोडी ते पीसीएममध्ये बदलून पाठवतं. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणार नाही. मला चालतं, कारण माझा रिसीव्हर खोलीप्रमाणे आवाजाची जुळवणी आणि ८० हर्ट्झखालचा भाग सबवूफरकडे वळवणं ही दोन्ही कामं पीसीएमवरच करतो. सलग मैफलीच्या फाइल्समध्ये गाण्यागाण्यांमध्ये खंड पडत नाही, टाळ्या तुटत नाहीत, यात मी खरोखर समाधानी आहे.

आता चित्राकडे येते. बहुतेक सिनेमे सेकंदाला २३.९७६ चौकटींचे असतात आणि टीव्ही ६० हर्ट्झवर अडकलेला असेल तर एक चौकट तीनदा, पुढची दोनदा अशी दाखवावी लागते. कॅमेरा संथ वळतो तेव्हा चित्र अडखळत सरकतं ते यामुळे. कोडीत फाइलनुसार टीव्हीची गती बदलण्याचं सेटिंग आहे, ते लावा. २३.९७६ ऐवजी २४ चालेल असंही समजू नका, दर ४१-४२ सेकंदांनी एक चौकट जास्तीची दाखवावी लागते आणि एकदा दिसली की नंतर नजर तिचीच वाट बघते.

बॉक्सवर ४के सिनेमा एका ठरावीक प्रसंगात दर वेळी थांबायचा. मी डिस्क नेटवर्कवरून वाचत होते आणि बॉक्सचं नेटवर्क पोर्ट १०० मेगाबिटचं होतं, तर ४के ब्लू-रेचा प्रवाह १२८ पर्यंत जाऊ शकतो. घेताना गिगाबिट पोर्ट आहे ना ते विचारा. हे तपशीलपत्रात बारीक अक्षरात असतं.

तिसऱ्या प्लेअरची मोठी उणीव डॉल्बी व्हिजन, म्हणजे उजेड-अंधार आणि रंग जास्त बारकाईने दाखवणारा चित्राचा एक प्रकार. माझ्या संगणकावरून ते बाहेर पडत नाही. डिस्कवरून घेतलेल्या फाइल्समध्ये एचडीआर१० चा, म्हणजे तशाच पण साध्या प्रकाराचा थर असतो, तो दिसतो आणि छान दिसतो. पण डॉल्बी व्हिजनच्याच प्रोफाइल ५ या प्रकारच्या फाइल्समध्ये तसा थर नसतो, त्या लावल्या की माणसांचे चेहरे हिरवे-जांभळे होतात. माझ्याकडे अशा मोजक्याच फाइल्स आहेत. तुमच्याकडे बऱ्याच असतील तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही आणि सिनेमापुरता माझा जुना बॉक्स यापेक्षा सरस होता, हे कबूल करते.

देवनागरी सबटायटल सुरुवातीला चौकोन-चौकोन दिसत होते. देवनागरी अक्षरं असलेला फॉन्ट कोडीच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकला, फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली आणि प्रश्न मिटला.

खटकणाऱ्या गोष्टी अजून आहेत. एकाच अल्बमच्या दोन चॅनेलच्या आणि सहा चॅनेलच्या फाइल्स असतील तर संग्रहात दोन्ही एकत्र होतात आणि प्रत्येक गाणं दोनदा वाजतं. सहा चॅनेलवाल्या अल्बमच्या नावापुढे मी हाताने '५.१' लिहिलं, तेव्हा कुठे ते वेगळे झाले. टीव्ही बंद असताना नुसतं संगीत लावायचं तर फोनवरचं रिमोट ॲप लागतं. आणि रिसीव्हर सुरू व्हायच्या आधी संगणक सुरू झाला तर कधीकधी रिसीव्हरला दोनच चॅनेल असल्याचं तो धरून बसतो. मग पुन्हा सुरू करावं लागतं, क्रम लक्षात ठेवून : आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी संगणक.

कोणी नवा प्लेअर घेत असेल तर मी माझा पेनड्राइव्ह देते. त्यात पाच फाइल्स आहेत : चॅनेलची नावं उच्चारणारी फ्लॅक, ९६ किलोहर्ट्झची सहा चॅनेलची फ्लॅक, ट्रू-एचडीचा तुकडा, डीटीएस-एचडीचा तुकडा आणि कॅमेरा संथ वळतो असा २३.९७६ चा एक प्रसंग. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला आहे, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. पहिल्या दोन फाइल्स लावताना नजर रिसीव्हरच्या पट्टीवर ठेवायची. तिथे दोनच स्पीकर उजळले तर उरलेल्या तीन लावायची मला गरज वाटत नाही.