क्लोज्ड बीटा की ओपन बीटा?

ऑनलाइन मल्टिप्लेअर गेमची चाचणी करायची आहे, पण कुठल्या टप्प्यात शिरावं हे ठरत नसेल, तर आधी वेळेचा हिशेब करा. ओपन बीटा, म्हणजे गेम अधिकृतपणे येण्याआधी कुणालाही खेळता येणारी चाचणी, बहुधा थोडे दिवस चालतो. तिथे मुख्यतः सर्व्हरवरचा ताण तपासतात, त्यामुळे नुसतं खेळलात तरी उपयोग होतो. लॉगिनची रांग आणि मधेच तुटणारं कनेक्शन मात्र गृहीत धरा.

क्लोज्ड बीटात, म्हणजे निवडक लोकांनाच प्रवेश असलेल्या चाचणीत, खरी मेहनत आहे. बग (गेममधली चूक) पुन्हा घडवून पाहायचा. मग बिल्ड क्रमांक (गेमची नेमकी आवृत्ती), टाइमझोनसह वेळ, सर्व्हरचा विभाग, पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ), ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती, क्रमवार कृती आणि लॉग फाइल (गेम स्वतः ठेवतो ती नोंद) पाठवायची. ‘गेम लॅग होतो’ एवढंच कळवलं, तर पॅकेट (नेटवरून जाणारे डेटाचे तुकडे) हरवताहेत की फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) पडतोय हे डेव्हलपरला समजत नाही, आणि दोन्हींची दुरुस्ती पूर्ण वेगळी असते. अनेकदा गोपनीयतेचा करारही असतो. एक स्क्रीनशॉट बाहेर टाकला तरी प्रवेश रद्द होऊ शकतो.

मिळवलेली प्रगती दोन्हीकडे बहुधा पुसली जाते.

आपल्या मशिनवर गेम नीट चालतो का एवढंच पाहायचं असेल, तर ओपन पुरे. तीच कृती दहादा करून पाहण्याची चिकाटी असेल, तर क्लोज्डसाठी जरूर अर्ज करा. तिथे तुमच्या शब्दाला वजन असतं.