भाड्याची एटिऑस की घरी बांधलेली गाडी? टूरिंग कारच्या पहिल्या हंगामाआधी

भाचा गेल्या महिन्यात घरी आला आणि चहा यायच्या आतच मुद्द्यावर आला. "मामा, पुढच्या हंगामात टूरिंग कारच्या नॅशनलला, राष्ट्रीय स्पर्धेला उतरायचं ठरवलंय. भाड्याची टोयोटा एटिऑस घेऊ, का आपलीच गाडी बांधू, तेवढं सांगा." पोरगा संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूलरूममधून शिकून निघालेला, वाळूजला नोकरीला, चार वर्षांची बचत हाताशी. त्याला त्या संध्याकाळी जे तोंडी सांगितलं तेच इथे सविस्तर मांडतोय. जालन्याची आणि लातूरची दोन पोरंही हाच प्रश्न विचारून गेली आहेत.

टूरिंग कार म्हणजे रस्त्यावर दिसते तीच गाडी, फक्त आतून सोलून, पोलादी पिंजरा घालून ट्रॅकवर उतरवलेली. ब्रिटनमध्ये अशा गाड्यांची राष्ट्रीय मालिका १९५८ पासून चालू आहे. आपल्याकडे हा खेळ मद्रासजवळच्या शोलावरमला, महायुद्धाच्या काळातल्या जुन्या धावपट्टीवर वाढला. आज राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेच्या फेऱ्या मुख्यतः दोन ठिकाणी होतात. एक, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, साधारण ३.७ किलोमीटरचं. दुसरं, कोईमतूरचं करी मोटर स्पीडवे, साधारण २.१ किलोमीटरचं. एस. करिवर्धन या माणसाने १९८०च्या दशकात मारुतीचं इंजिन बसवून देशी फॉर्म्युला गाड्या बनवल्या होत्या, त्यांचं नाव या ट्रॅकला दिलंय. हंगाम म्हणजे मोजके शनिवार-रविवार. आधी सराव, मग पात्रता फेरी, मग एकाच वर्गाच्या दोन-तीन शर्यती. एक शर्यत पंधरा-वीस मिनिटांची. एवढ्या मिनिटांसाठी आपण संभाजीनगरहून हजाराहून जास्त किलोमीटर जाणार आहोत, हे आधी मनाशी पक्कं करावं.

आता निवड. याच स्पर्धेत टोयोटा एटिऑसचा एक वर्ग आहे. सगळ्यांना एकाच बनावटीची गाडी, एकच इंजिन, एकच टायर. त्याच्या बाजूला आयटीसी म्हणजे इंडियन टूरिंग कार, सुपर स्टॉक आणि ज्युनियर टूरिंग कार असे वर्ग आहेत. त्यात नियमपुस्तक परवानगी देईल तितकी गाडी आपण आपल्या हाताने बदलायची. कोईमतूरचा अर्जुन बालू या आयटीसीत अनेक वर्षं पुढच्या रांगेत राहिलाय, तेव्हा आपली गाठ कुणाशी आहे याचा अंदाज त्यावरून घ्यावा.

एकाच बनावटीच्या गाड्यांची पद्धत फोक्सवॅगनने आपल्याकडे नीट बसवून दाखवली. २०१० मध्ये डिझेल पोलोने सुरुवात झाली, २०१५ मध्ये १८० पीएसची व्हेंटो आली, २०१७ मध्ये २०५ पीएसची अमियो. गाड्या सगळ्या कंपनीच्या रेसिंग विभागाकडे राहायच्या. चालकाने हेल्मेट आणि सूट घेऊन यायचं, गाडी हाकायची, मेकॅनिकला काय जाणवलं ते सांगायचं आणि घरी जायचं. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते याच मालिकेत धावला. एटिऑसचा वर्ग याच वळणाचा. गाडी साधी, १४९६ सीसीचं पेट्रोल इंजिन, पुढच्या चाकांना ताकद. पुण्याच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून आपण जिच्यात शंभरदा बसलो तीच. उत्पादन २०२० मध्ये थांबलं तरी टॅक्सीत इतक्या गाड्या गेल्यात की सुट्या भागांना तोटा नाही.

भाच्याचा कल साहजिकच दुसरीकडे होता. "मामा, आपल्याकडे लेथ आहे, मिलिंग आहे, वेल्डर ओळखीचा आहे. भाड्याच्या गाडीत आपलं काय?" त्याचं म्हणणं चुकीचं नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला तेव्हापासून या शहराच्या दोन पिढ्या मायक्रॉनमध्ये बोलतात. शेंद्र्याला स्कोडा आली आणि गाडीच्या जुळणीचीही ओळख झाली. मद्रासच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या गाड्या दुरुस्त करायच्या आवारात, अर्ध्या लोकांना बुश बनवून घ्यायला चार दिवस लागतात, आपला पोरगा तो जेवणाच्या सुट्टीत बनवेल. पण मी स्वतः त्या वाटेने गेलोय, त्यामुळे तिथं काय झालं ते सांगणं भाग आहे.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तिघांनी चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये जुनी एस्टीम सोलली. सीटा, गालिचे, डांबराचे थर, दारातले काचेचे यंत्र, सगळं बाहेर. रोल केजसाठी पाईप आणला. दुकानदार म्हणाला सीमलेस आहे, आम्ही मान डोलावली. पिंजऱ्याचा पाईप थंड ओढलेला, बिनजोडाचा लागतो. मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडी, किंवा ५० आणि दोन, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. माप आमचं बरोबर होतं. वाकवताना सुरकुती पडू नये म्हणून वाळू भरून वाकवला, सांधे सुबक आले, रंग मारला, आणि गाडी ट्रकवर चढवून सोलापूर, विजापूर, बंगळूर करत निघालो.

स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीच्या तपासणीला, एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी पिंजऱ्याला हात लावला, टिचकी मारली, आणि मागच्या आडव्या नळीचं तोंड जिथं उघडं राहिलं होतं तिथं खिशातली छोटी बॅटरी धरली. मला म्हणाले, "आत बघा." नळीच्या आतल्या अंगाला, लांबीभर, वेल्डची बारीक रेघ होती. तांदळाच्या दाण्याएवढी उंच. बाहेरून घासून चकचकीत केलेला पाईप आतून जोडाचाच होता. त्यांनी आवाज चढवला नाही. "गाडी उलटली तर हा जोड फाटेल, आणि आत तुमचा मित्र असेल," एवढंच म्हणाले. आम्ही शर्यत न धावता परत आलो. ताडपत्री झाकलेली गाडी ट्रकवर आणि आम्ही तिघं केबिनमध्ये, बेल्लारीपर्यंत कुणी बोललं नाही. त्या माणसाचे मी आजही उपकार मानतो. आणि तेव्हापासून पाईप घेताना कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पैसे देत नाही. ज्याला गाडी बांधायचीच आहे त्याने एवढी एक गोष्ट तरी माझ्याकडून घ्यावी.

पिंजरा नवा केला, पुढच्या खेपेला पास झालो. खरा धडा त्यानंतर मिळाला. गाडी चालवणारा आमचा मित्र वर्गातल्या बऱ्या गाड्यांपेक्षा लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका चकरेला, चार सेकंद मागे पडायचा. आम्ही ठरवून टाकलं की इंजिन कमी पडतंय. दोन महिने वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये रात्री बसून सिलिंडर हेड घासलं, पोर्ट मोठे केले, व्हॉल्व्हच्या सीटा कापून घेतल्या. परत ट्रॅकवर, खासगी सरावाच्या दिवशी. फरक पडला अर्ध्या सेकंदाचा. तेव्हा शेजारच्या टीमच्या एका जुन्या चालकाने विचारलं, "मी पाच लॅप मारून बघू का?" माझ्या हातात स्टॉपवॉच होतं. बाहेर पडल्यावरच्या तिसऱ्या लॅपला तो आमच्या मित्रापेक्षा अडीच सेकंद पुढे होता. गाडी तीच, टायर तेच, ऊन तेच. उतरून म्हणाला, "इंजिन ठीक आहे. हा ब्रेक लवकर दाबतो आणि उशिरापर्यंत सोडत नाही, त्यामुळे वळणात शिरताना पुढच्या चाकांवर सगळा भार. टायर आधी मरतात." टायरला हात लावला तर बाहेरची कड खरवडल्यासारखी झाली होती, आतली जवळजवळ कोरी. दोन महिन्यांची रात्रपाळी आणि तेवढे पैसे आम्ही जिथं वेळ जात नव्हता तिथं घातले होते.

घरी बांधलेल्या गाडीची अडचण हीच आहे. मागे पडलात तर चुकतंय कोण, गाडी की माणूस, हे पहिल्या हंगामात कळायला मार्ग नसतो. एटिऑसच्या वर्गात तो मार्ग आहे. पुढच्या गाडीत तेच इंजिन, तेच टायर. ती वळणात तुमच्यापासून दूर जात असेल तर उत्तर एकच, आणि ते तुमच्या दोन पायांत आहे. नवख्याला याहून मोठी शिकवणी दुसरी कुठली नाही, असं माझं ठाम मत आहे.

पैशांचं बोलू. भाड्याच्या गाडीत खर्च सरळ समोर दिसतो: भाडं, प्रवेश शुल्क, ठोकलंत तर भरपाई. ही भरपाई हलक्यात घेऊ नका. टूरिंग कारमध्ये दाराला दार घासतंच, आणि गाडी दुसऱ्याची असते तेव्हा मडगार्डही त्याच्या भावाने भरावं लागतं. करार करताना भरपाईची वरची मर्यादा कागदावर लिहून घ्या. स्वतःच्या गाडीचा डेंट तुम्ही हातोडीने काढाल, जुन्या बाजारातून दरवाजा आणाल. पण तिचा खर्च कधी संपला हे कळत नाही. ट्रकचं भाडं, दोन मेकॅनिकांची राहण्याची सोय, जास्तीचा गिअरबॉक्स, ब्रेक पॅड, उकळून खराब झालेलं ब्रेक ऑइल. आपल्याला उन्हाची सवय आहे म्हणून पोरं निश्चिंत असतात, पण परभणीचं ऊन कोरडं आणि मद्रासचं दमट. बंद काचेच्या डब्यात तीन थरांचा सूट घालून बसलं की पाचव्या लॅपला डोळ्यांत घाम उतरतो.

चालकाच्या अंगावरच्या सामानात दोन्हीकडे काटकसर नाही. मान्यताप्राप्त हेल्मेट, मान धरणारं हॅन्स, आगीला टिकणारा सूट, हातमोजे, बूट. हे पहिलं घ्या आणि नवं घ्या. परवानाही दोन्हीकडे तोच, एफएमएससीआय या देशातल्या मोटर शर्यतींच्या नियामक संस्थेचा, त्यासाठी डॉक्टरी तपासणी आणि प्रशिक्षण शाळेचा दाखला लागतो.

प्रायोजकाच्या बाबतीत मात्र घरच्या गाडीचं पारडं जड आहे. तिचं बॉनेट, दोन्ही बाजू, टप, सगळं तुमचं. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, सळईच्या मिल आहेत, आणि त्यांच्या मालकांना आपल्या भागातला पोरगा राष्ट्रीय शर्यतीत धावतोय हे ऐकून आनंद होतो. गाडीवर मोठं नाव दिसणार असेल तर ते हात सैल सोडतात. एकाच बनावटीच्या गाडीवर आयोजकांचे रंग आधीच असतात, तुम्हाला उरते वीतभर जागा. शिवाय हंगाम संपल्यावर भाड्याच्या गाडीतून तुमच्यापाशी उरतो परवाना आणि वेळेचे कागद. बांधलेली गाडी दारात उभी राहते आणि विकली तर काही हाती येतं. जे येतं ते घातलेल्याच्या निम्मंही नसतं.

शर्यतीऐवजी रॅलीत का नको, असं लातूरच्या पोराने विचारलं. रॅली हा वेगळा खेळ आहे. मातीचा रस्ता, घड्याळाशी सामना, शेजारी नॅव्हिगेटर. आवड असेल तर जरूर जा, पण चाकाला चाक लावून लढायचं कसं हे तिथं शिकायला मिळणार नाही.

एक गोष्ट मी भाच्याच्या आईसमोरच बोललो, इथेही बोलतो. या खेळासाठी जमीन विकायची नाही, सोनं गहाण टाकायचं नाही. हंगामाचा पूर्ण पैसा बुडाला तरी घर चालेल एवढीच रक्कम काढायची. त्या रकमेत घरच्या गाडीच्या दोन फेऱ्या होत असतील आणि एटिऑसचा पूर्ण हंगाम होत असेल, तर पूर्ण हंगाम घ्या. दोन फेऱ्यांत माणूस ट्रॅकची वळणं पाठ करतो, शर्यत करायला त्यानंतर लागतो.

ज्याने कार्टिंगची दोन-तीन वर्षं काढली आहेत, ज्याच्या लॅपच्या वेळा दर खेपेला दोन-तीन दशांश सेकंदांच्या आत येतात, आणि ज्याच्या मागे ट्रॅकवर सोबत येणारी चार माणसं आहेत, त्याने खुशाल गाडी बांधावी. आपल्या शहरात ती इतर कुठल्याही गावापेक्षा चांगली बांधली जाईल यात मला तिळमात्र शंका नाही. बाकीच्यांनी पहिलं वर्ष एटिऑस. त्या वर्षात पॅडॉकमध्ये संध्याकाळी आयटीसीच्या गाड्यांखाली वाकून बघावं, मेकॅनिकांना चहा पाजावा, कुणी काय कसं बसवलंय ते वहीत टिपावं. दुसऱ्या वर्षी पाईप आणायला जाल तेव्हा ती वही सोबत न्या.

भाच्याने थोडा वेळ मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "आणि तोवर लेथवर काय करू?" मी शेडमधून जुन्या एस्टीमचा पेडल बॉक्स काढून त्याच्यासमोर ठेवला. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमधलं अंतर त्या मित्राच्या पायाला कधीच जमलं नव्हतं, टाच-पंजा करताना, म्हणजे एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबताना, त्याचा बूट घसरायचा. "याची पट्टी तुझ्या पायाच्या मापाने बनव," म्हटलं, "आणि मग या डमी सीटवर बसून रोज शंभर वेळा दाबत जा." रात्री अकरापर्यंत तो कॅलिपर घेऊन मापं काढत बसला होता.